आगळ, आमसूल, कोकम तेल: उन्हाळा ते थंडी, वापरानंतरचा अनुभव

घरात तिन्ही गोष्टी सिंधुदुर्गातून आलेल्या आणि उन्हाळ्यापासून सतत वापरात. पित्तशामक, वजन घटवणारे, हृदयाला हितकर असे सगळे गुण तिन्हींना सरसकट चिकटवले जातात. प्रत्यक्षात प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

आधी आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. उन्हातून आल्यावर याला तोड नाही, घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ दोन्ही भरून निघते. 200 मिली गार पाण्याला एक मोठा चमचा (15 मिली) आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, हवी तर साखर. वरून मीठ अजिबात घालू नका. आगळ टिकावे म्हणून त्यात साधारण 15 ते 20 टक्के मीठ असते, म्हणजे एका पेल्यातूनच दोन-तीन ग्रॅम पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा आहे 5 ग्रॅमच्या आत! रक्तदाबाच्या माणसाला ‘हृदयाला चांगले’ म्हणून रोज दोन पेले देणे घातकच. त्यांच्यासाठी बिनमिठाची आमसुले (कोकमाच्या वाळवलेल्या साली) भिजवून सरबत करावे. अमृत कोकमात (कोकमाचा साखरेतला पाक) मीठ नगण्य, पण साखर भरपूर. मधुमेह्यांनी तेही टाळावे.

अंगावर पित्त उठल्यावर चार-पाच आमसुले अर्धी वाटी पाण्यात अर्धा तास भिजवून, कुस्करून ते पाणी गांध्यांवर लावायचे. खाज शमते, गार वाटते. मात्र एकेक गांधी बहुधा 24 तासांच्या आत आपोआपही बसते, तेव्हा सगळे श्रेय आमसुलाला देऊ नये. खाजवून कातडी सोलली असेल तर मीठ-आंबटाने चरचरते, तिथे लावू नका. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर आमसूल बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

छातीत जळजळ हे मात्र वेगळे प्रकरण. कोकम मुळात आंबट. ज्यांना घशाशी येते त्यांची जळजळ उपाशीपोटी घेतल्यास वाढू शकते. जेवणात, आमटीत किंवा भाताबरोबर सोलकढी म्हणून बरे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कोकमाचे काहीही ठेवू नका, कळकते.

सर्वांत समाधान दिले ते तेलाने. बियांपासून काढलेला हा घट्ट गोळा खडूसारखा तुटतो आणि 40 अंशांच्या आसपास वितळतो. नुसता टाचेवर घासला तर उपयोग होत नाही, कारण तेल ओलावा देत नाही, असलेला कोंडून ठेवते. म्हणून रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून पुसायचे, पळीत तेल वितळवून सोसेल इतके गरम भेगांत भरायचे आणि मोजे घालायचे. मधुमेह असेल आणि भेगांतून रक्त येत असेल तर हा प्रयोग नको.

वजनाचा दावा मी साफ नाकारतो. तो सालीतल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लावर उभा आहे. तेच आम्ल असलेल्या, कोकमाच्या जातभाईच्या (केरळातली कुडमपुळी) अर्काची अमेरिकेत 135 जणांवर 12 आठवडे चाचणी झाली. 1998 साली निष्कर्ष आला तो असा की नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा वजन काही जास्त उतरले नाही. असा अर्क असलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

खरेदी करताना एवढे पाहा: आमसुलावरचे पांढरे कण पाण्यात विरघळले तर ते मीठ. लोकरीसारखे तंतू दिसले, कुबट वास आला, तर ती बुरशी. पिशवी परत करा, धुऊन वापरू नका.