कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम, अटलांटा: हर्शेल वॉकरसाठी तरी जाच

अटलांटात पाहुणे आले की आपली मंडळी ठरलेल्या जागा दाखवतात: मत्स्यालय, कोका-कोलाचं संग्रहालय, सेंटेनिअल ऑलिम्पिक पार्क. त्याच पार्कला लागून मारिएटा स्ट्रीटवर कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम आहे, म्हणजे कॉलेजात अमेरिकन फुटबॉल गाजवलेल्यांचा सन्मान करणारं संग्रहालय. तिथे मात्र आपल्यातलं फारसं कुणी फिरकत नाही. जायला हवं, म्हणून हे लिहितेय. माझा मुलगा हायस्कूलच्या संघात रनिंग बॅक आहे. चेंडू छातीशी धरून समोरच्या अंगावर येणाऱ्या भिंतीत घुसायचं, हे त्याचं काम. त्यामुळे मी ही सगळी जागा रनिंग बॅकच्या आईच्या नजरेनेच पाहिली, आणि तेच तुम्हाला सांगू शकते.

आधी जागेबद्दल. हे हॉल पूर्वी इंडियानात साउथ बेंडला होतं, 2014च्या ऑगस्टमध्ये इथे नव्याने उघडलं. आत शिरताच तीन मजले उंच भिंत दिसते आणि तिच्यावर सातशेहून जास्त कॉलेजांची हेल्मेटं. आत जाताना आपलं कॉलेज नोंदवायचं, की त्या भिंतीवरचं नेमकं तेच हेल्मेट उजळतं. आम्ही जॉर्जिया विद्यापीठ लिहिलं. लाल हेल्मेट, पांढऱ्या लंबगोलात काळा 'जी'. इतक्या गर्दीत आपलं एक हेल्मेट पेटलेलं पाहून मुलाने माझा हात घट्ट धरला. खाली 45 यार्डांचं मैदान आहे, तिथे चेंडू फेकता येतो, लाथाडता येतो. लहान मुलं तिथून हलत नाहीत, त्यामुळे वेळ हाताशी ठेवूनच जा.

पण माझ्या दृष्टीने या जागेचा खरा जीव आहे तो सन्मानित खेळाडूंच्या दालनात. इथे मान मिळण्यासाठी खेळाडू कॉलेजात असताना ऑल-अमेरिका संघात, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत, पहिल्या फळीत निवडलेला असावा लागतो, आणि कॉलेज सोडून दहा वर्षं उलटलेली असावी लागतात. पुढे व्यावसायिक लीगमध्ये त्याने काय दिवे लावले, याचा या निवडीशी संबंध नाही. रनिंग बॅकच्या बाबतीत हा नियम फार न्यायाचा आहे, असं माझं ठाम मत झालंय.

हर्शेल वॉकरचंच बघा. जॉर्जियात हे नाव आजही घराघरांत आहे. 1980 साली, कॉलेजच्या पहिल्याच सामन्यात, टेनेसी विद्यापीठाच्या बिल बेट्स नावाच्या बचावपटूला सरळ अंगावरून तुडवत तो गोलरेषेपार गेला. त्याच मोसमाचा शेवट शुगर बोल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात झाला, समोर नोत्र दाम विद्यापीठ. सामन्याच्या सुरुवातीलाच त्याचा खांदा निखळला. तरी तो परत मैदानात उतरला, 150 यार्ड धावला, दोन टचडाउन केले (म्हणजे दोनदा चेंडू गोलरेषेपार नेला) आणि जॉर्जियाने 17-10 अशी बाजी मारून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. तीन वर्षांत 5,259 यार्ड आणि 1982ची हाइझमन ट्रॉफी, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते ती. त्याचा 34 नंबर जॉर्जियाने कायमचा राखून ठेवला. इथवर त्याच्याबद्दल कुणाचंही दुमत नाही.

मग तो व्यावसायिक झाला आणि लोकांची भाषा बदलली. कॉलेजची चार वर्षं पूर्ण झाल्याशिवाय एनएफएल ही मुख्य व्यावसायिक लीग तेव्हा घेत नसे, म्हणून तो नव्या यूएसएफएल लीगमध्ये न्यू जर्सी जनरल्सकडे गेला. 1985च्या एका मोसमात 2,411 यार्ड धावला. लीगच बंद पडली, मग एनएफएलमधला डॅलस काउबॉइज संघ. (तिथे सहकारी कोण, तर तोच बिल बेट्स.) 1988 साली 1,514 यार्ड. आणि 1989च्या ऑक्टोबरात डॅलसने त्याला मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन टाकलं. बदल्यात मिनेसोटाने पाच खेळाडू दिले, वर ड्राफ्टमधल्या, म्हणजे कॉलेजातून येणारे नवे खेळाडू निवडण्याच्या, भरपूर संधी दिल्या, त्यात पहिल्या फेरीच्याच तीन. पहिल्या सामन्यात पहिल्याच धावेत तो पायातला बूट निसटला तरी थांबला नाही, 47 यार्ड गेला. दिवसभरात 148. त्यानंतर मात्र मिनेसोटात एकाही मोसमात त्याचे हजार यार्ड झाले नाहीत. डॅलसने त्या देवघेवीच्या जोरावर एमिट स्मिथ मिळवला आणि चार वर्षांत तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. तेव्हापासून फुटबॉलवाले वॉकरचं नाव काढतात ते 'इतिहासातला सगळ्यात फसलेला सौदा' म्हणून.

मला याचा मनापासून राग येतो. सौदा मिनेसोटाच्या कारभाऱ्यांनी केला, किंमत त्यांनी ठरवली, आणि बोल लागला तो धावणाऱ्याला. दोन्ही लीग मिळून त्याच्या नावावर 13,787 यार्ड आहेत. एवढं धावून माणूस 'फसला' कसा?

मुलाच्या सामन्यांना बसून बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. रनिंग बॅक एकटा कधीच धावत नाही. पुढचे पाच धिप्पाड गडी वाट मोकळी करतात, ती क्षणभर उघडी राहते, त्या क्षणात तो निसटतो. हर्शेलसारखा गडी मागे खोलवर उभा राहून, सरळ रेषेत वेग घेऊन येणारा. त्याला तशी वाट मिळाली तर तो कुणाला आवरत नाही. खेळाची मांडणी वेगळी असली की तोच माणूस सामान्य दिसतो. शिवाय वरच्या पातळीवर समोरचे सगळेच तयारीचे. जत्रेच्या फडात गाजलेला मल्ल कोल्हापूरच्या खासबागेत उतरला की त्याची ताकद कमी होत नाही, समोरचा बदलतो. आर्ची ग्रिफिनने हाइझमन दोनदा जिंकली, 1974 आणि 1975 साली. आजवर दुसऱ्या कुणालाही ते जमलेलं नाही. एनएफएलमध्ये सिनसिनाटीकडून सात मोसमांत त्याचे 2,808 यार्ड झाले. विस्कॉन्सिनचा रॉन डेन, 1999चा हाइझमनवाला, न्यू यॉर्क जायंट्समध्ये बेताचाच ठरला. दोघेही या हॉलमध्ये आहेत, आणि असायलाच हवेत. बॅरी सँडर्ससारखा दोन्हीकडे तितकाच गाजलेला माणूस विरळा.

मुलाने मला तिथेच विचारलं, "आई, टेरेल डेव्हिस इथे का नाही?" तोही जॉर्जियाचाच. कॉलेजात दुखापतींनी बेजार, शेवटच्या मोसमात 445 यार्ड. 1995च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, 196व्या क्रमांकावर डेनव्हरने त्याला घेतलं. टोकियोतल्या एका सराव सामन्यात किकऑफच्या वेळी त्याने एकाला असं आडवं केलं की प्रशिक्षकांचं लक्ष गेलं. तीन वर्षांत तो सुपर बोलचा मानकरी. मायग्रेनने डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही त्या सामन्यात 157 यार्ड आणि तीन टचडाउन. 1998 साली 2,008 यार्ड. पुढच्याच वर्षी गुडघा गेला. डेनव्हरची सगळी फळी एकाच दिशेने सरकत वाट काढायची आणि डेव्हिसला योग्य फट दिसेपर्यंत धीर धरता यायचा. त्याला हवी ती मांडणी मिळाली. तो ओहायोतल्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये 2017 साली गेला. कॉलेजात ऑल-अमेरिका नव्हता, म्हणून अटलांटात नाही. हर्शेल अटलांटात आहे, कँटनमध्ये नाही. एकाच विद्यापीठाचे दोघे, आणि दोन हॉलांची दारं त्यांच्यासाठी अशी उलटसुलट उघडलेली. मी मुलाला एवढंच सांगितलं की दोघांचाही हिशोब बरोबर आहे, फक्त वह्या दोन आहेत.

तुमची मुलं इथे कुठलाही खेळ खेळत असतील तर त्यांना घेऊन जा. हायस्कूलचे प्रशिक्षक, कॉलेजात खेळाडू हेरायला येणारी माणसं, सगळे पुढच्या पातळीच्याच गोष्टी करतात. कॉलेजात जे घडलं त्याला कॉलेजातलंच मोल देणारी अशी जागा मी दुसरी पाहिली नाही. पाचपैकी पाच.

खेळाचा गंध नसलेले सासू-सासरे सोबत असतील तर आधी घरी एखादा सामना दाखवून चार डाउनचा नियम (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं) समजावून ठेवा, नाहीतर ते मैदानाकडेच बसून राहतील. तिकीट ऑनलाइन काढा. मार्टा या शहरातल्या रेल्वेने या, स्टेशनवरून चालत जाता येतं. आणि जवळच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये त्या दिवशी सामना नाही ना, हे आधी बघून घ्या. असला तर पार्किंग मिळणं कठीण.