ली-एनफिल्ड नंबर ४: वय झालं, नेम नाही

१९४३ची आहे माझी ही रायफल. दोन हंगाम जुन्या सैनिकी रायफलींच्या स्पर्धेत हीच वापरतोय. बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणाऱ्या दांड्याच्या, तर मी प्रेमात आहे. गोळी झाडणारी स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, त्यामुळे हँडल अलगद उचललं जातं आणि गाल दस्त्यावरून हलत नाही. घाईच्या फेरीत याचं मोल कळतं.

मागची साइट (नेम धरायची खूण) भोकाची, मायक्रोमीटरवाली, २०० ते १३०० यार्डांपर्यंत. क्लिक हाताला नीट जाणवते. पण ती फक्त वर-खाली! वारा सुटला की नेमच बाजूला धरायचा, कारण बाजूला सरकवायचं तर पुढच्या साइटचं पातं ठोकून सरकवावं लागतं.

खरी डोकेदुखी काडतुसाची. .३०३च्या बुडाला कड असते. मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली की ते अडलंच म्हणून समजा. पहिल्याच स्पर्धेत चार गोळ्या आत तशाच राहिल्या, वर पंचांची शिट्टी. आता क्लिप (मॅगझिन भरायची काडतुसांची पट्टी) घरीच भरतो, प्रत्येक कड बोटाने चाचपून.

जुन्या सैनिकी काडतुसांचे क्षार नळीत राहून ती गंजवतात; ती झाडलीत, तर त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओता, मग तेल. मी एकदा आळस केला; चौथ्या दिवशी चिंधी तपकिरी निघाली. आणि दस्त्याच्या टोकाची धातूची पट्टी? चाळीस गोळ्यांनंतर खांद्यालाच विचारा.