तयार आपत्कालीन पिशवी : रेडिओ घ्यावा, बाकीचे घरीच जमवावे

‘चार माणसे, बहात्तर तास’ असा मजकूर छापलेली तयार आपत्कालीन पिशवी मी नाशिकच्या मेन रोडवरील एका दुकानातून अडीच हजार रुपयांना घेतली आणि तिच्यातील वस्तू घरी वापरून पाहिल्या. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, याची चौकशी करणाऱ्या शहरात अशा तयारीची गरज काय, हा प्रश्न खरे तर पडू नये. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांत गोदावरीचे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले होते. सिडकोत किंवा इंदिरानगरात राहणाऱ्यांच्या दारात नदी येत नाही. पण वीज दीर्घकाळ गेली की सोसायटीचा पंप थांबतो, गच्चीवरील टाकी रिकामी होते आणि तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाडही अडचणीत येते. पिशवीचे मोल मी मुख्यतः याच कसोटीवर ठरवले आहे.

पिशवीतील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे दांडा फिरवून चालणारा, विजेरी जोडलेला रेडिओ. थोडा वेळ दांडा फिरवल्यावर आकाशवाणीचे नाशिक केंद्र १०१.४ वर खिडक्या बंद असतानाही स्वच्छ लागते आणि विजेरीचा उजेड स्वयंपाकघरातील फडताळात डबा शोधण्यापुरता पडतो. इंटरनेट बंद असताना बातमी कळण्याचे याहून भरवशाचे साधन सामान्य घरात दुसरे नाही. मात्र याच दांड्यावर मोबाइल चार्ज होतो, हा खोक्यावरील दावा तपासून घ्यावा असा आहे. पाच हजार एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते आणि हाताने फिरवायचा असा दांडा फार तर एक-दोन वॅट देतो. म्हणजे फोन पूर्ण भरायला दहा ते वीस तास दांडा फिरवत बसावे लागेल. निकडीचा एखादा फोन करण्यापुरती सोय, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा आणि भरलेली पॉवर बँक वेगळी ठेवावी. तीही न वापरता हळूहळू उतरते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तपासलेली बरी.

पाण्याच्या बाबतीत मात्र पिशवी जुळवणाऱ्याने विचारच केलेला दिसत नाही. आत क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी आहे आणि त्यावर एक गोळी वीस लिटर पाण्यासाठी असल्याचे लिहिले आहे. सोबत दिलेली घडीची पिशवी मात्र एक लिटरची. एवढ्याशा गोळीचा विसावा भाग अंधारात कोणी कसा मोडायचा, हे छापील पत्रकात सांगितलेले नाही. पुराच्या दिवसांतील तांबडे, गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळावे लागते, मग चौपदरी फडक्यातून गाळावे लागते, त्यानंतर गोळी टाकून किमान अर्धा तास थांबावे लागते. गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराचसा भाग गाळावरच खर्ची पडतो. याचाही पत्रकात उल्लेख नाही. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी रोज चार लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर पाणी लागते. ते कोणत्याच पिशवीत मावणार नाही. त्यासाठी झाकणाची दोन मोठी पिंपे आणि ती भरून ठेवण्याची शिस्तच हवी.

पिशवी जलरोधक असल्याचा दावाही पुरता खरा नाही. नळाखाली धरल्यावर कापडातून पाणी आत गेले नाही, पण चेनच्या टोकाशी असलेल्या शिवणीतून झिरपले आणि काडेपेटी भिजली. मेणबत्त्या आणि काडेपेटी मी तशीही काढूनच टाकली असती. भूकंपानंतर किंवा पडझडीत गॅसची नळी सुटलेली असू शकते, अशा वेळी घरात काडी ओढण्यासारखा अविचार नाही. शिट्टी चांगली, खणखणीत आहे. नायलॉनची दोरी सामान बांधण्यापुरती ठीक, माणसाचा भार तिच्यावर टाकू नये. अंगाची ऊब टिकवण्यासाठी दिलेल्या चंदेरी चादरीविषयी इतकेच म्हणेन की आपल्याकडे गोधड्या आहेत.

खाण्यासाठी दिलेल्या महागड्या बिस्किटांच्या विटा चवीला रद्दी आहेत आणि घरातील वृद्धांना त्या चावत नाहीत. सातूचे पीठ, खजूर, शेंगदाण्याचे लाडू आणि चिवडा यांना चूल लागत नाही, आणि मुदत संपण्याआधी ते घरात खपतात, हा त्यांचा मोठा गुण. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे आत आहेत, पण माझ्या पिशवीतील पाकिटांची मुदत संपत आली होती. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण कागदावर लिहून ठेवावे. त्याच कागदावर आपत्कालीन मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि गॅसगळतीचा १९०६ हे क्रमांक ठळक मराठीत असावेत. पिशवीतील कार्डावर फक्त ११२ आहे आणि तेही बारीक इंग्रजीत.

नेहमीच्या औषधांसाठी, चष्म्याच्या जादा जोडीसाठी आणि कागदपत्रांच्या प्रतींसाठी पिशवीत कप्पाच नाही. एकट्या राहणाऱ्या किंवा नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या व्यक्तीला सुरुवात म्हणून ही पिशवी चालेल. भरल्या घराने ती घेऊ नये. त्याच दुकानात तसाच रेडिओ सुटाही मिळतो. तो मागून घ्यावा लागतो, कारण दर्शनी भागात फक्त पिशव्याच मांडलेल्या असतात.