जुन्या बसचं बॉडीकाम: पत्र्याला शंभर मार्क, वायरिंगला काठावर पास

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या गॅरेजला पाटी नाही, पण बोनेटवाल्या जुन्या बसचं पत्राकाम करायचं तर इथंच न्यावी.

लांबी (पुटी) भरून वरून रंग, असला प्रकार इथं नाही. कमरेच्या पट्टीखालचा ॲल्युमिनियम पत्रा पूर्ण उतरवतात, कारण खरा गंज चाकाच्या कमानीवर आणि पायरीमागं, चिखल साचतो तिथं लपलेला असतो. लोखंडी सांगाड्याला ॲल्युमिनियम थेट टेकलं आणि मध्ये ओल राहिली की पत्राच खाल्ला जातो. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली की समजायचं. हे लोक सांगाड्याला रेड ऑक्साइड, पत्र्याला आतून झिंक क्रोमेट हे गंजरोधक प्रायमर मारतात आणि दोन्हींच्या मध्ये डांबरी पट्टी घालतात. रिव्हेट भरीव, आतून डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून ठोकलेले. पॉप रिव्हेट (पोकळ, एकाच बाजूनं गनने बसवायचे) झटपट होतात, पण मधल्या भोकातून पाणी शिरतं आणि खड्ड्यांनी ते लवकर ढिले पडतात. भरीव रिव्हेटला दोन माणसं लागतात, म्हणून मजुरी जास्त. तिथं घासाघीस नको.

एसटीचा लाल रंग खिडकीच्या बीडिंगखालच्या (कडेच्या पट्टीखालच्या), ऊन न लागलेल्या पत्र्यावरून जुळवतात. विटलेल्या पत्र्यावरून जुळवला तर गाडी विटकरी दिसते. रंग मारतात तेही भल्या सकाळी. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर वरचा थर लगेच सुकतो, थिनर खाली अडकतो आणि बारीक फोड येतात.

लाकडी सांगाड्याची गाडी (1948 ची पहिली एसटी, पुणे-नगरची बेडफर्ड, तशीच होती) मात्र इथं नेऊ नका. सुतार बाहेरून येतो आणि सागाच्या जागी प्लाय ठोकून मोकळा होतो.

वायरिंगमध्ये पिळलेले जोड आणि वर टेप. तारा पत्र्याच्या भोकातून जातात तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रिंग) नाही. गाडी थरथरून इन्सुलेशन कापलं की शॉर्ट ठरलेला. ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा बघा. डिझेल पंपालाही हात लावू देऊ नका, डिझेलचं माप जुळवायचं कॅलिब्रेशनचं मशीन इथं नाही.

ताब्यात घेण्याआधी खिडक्यांवर पाइपनं पाणी मारा. काच सरकते त्या चॅनेलच्या तळाची निचऱ्याची भोकं रंगानं बुजलेली असतात आणि पाणी थेट सीटखाली येतं. खिळ्यानं तिथल्या तिथं मोकळी करून घ्या.

आणि कुणी ‘व्हिंटेज पासिंग (जुनी गाडी म्हणून खास नोंदणी) करून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. 2021 चा तो नियम दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, त्यात बस बसत नाही.