बुधवार पेठेतला साडेआठशेचा रेडिओ: सहा महिने वापरल्यानंतर

रेडिओ गाण्यांसाठी घेतलेला नाही, हे आधीच सांगते. घरातल्या टीव्हीवरच्या बातम्या बंद करायच्या होत्या आणि सासूबाईंना बातम्यांशिवाय चहा जात नाही, म्हणून घेतला.

झालं असं की १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं, आणि तीनच दिवसांनी, रविवारी, आपल्या मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत पडला. आमचा टीव्ही जेवायच्या टेबलासमोर. तोच पूल, त्याच किंकाळ्या, वर लाल बाण, झोपेपर्यंत. सोमवारी सकाळी दूध पिताना मुलाने (वय साडेपाच) विचारलं, "आई, काल किती पूल पडले?"

"एकच रे."

"नाही. मी मोजले. अकरा."

तेच दृश्य परत दाखवतात हे एवढ्या लहान पोरांना उमगत नाही. त्याच्या लेखी दर वेळी नवा पूल, नवी माणसं. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला, शाळा कर्वेनगरला, मधे राजाराम पूल. स्कूटर पुलावर चढली की डोळे गच्च मिटायचा आणि माझ्या मनगटाला धरून विचारत राहायचा, "संपला का? संपला का?"

समुपदेशक बाईंकडे गेले तर त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही किती बघता?" २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतरचा एक अभ्यास त्यांनी सांगितला. पहिल्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त बातम्या बघणाऱ्यांना प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षाही जास्त ताण जाणवला होता. घरी येऊन फोनमधला स्क्रीन टाइम उघडला. आकडा लिहीत नाही.

तर रेडिओ. पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून घेतला, सांगितले साडेनऊशे, दिले साडेआठशे. दोन पेन्सिल सेल, रोज अर्धा तास लावला तर दीड-दोन महिने जातात. १०१ एफएमवर विविध भारती खणखणीत. आकाशवाणी पुणे मात्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्ह, आणि तिथे खरखर आहे. पहिले चार दिवस वाटलं पीसच खराब. मग कळलं, शेजारी मोबाइलचा चार्जर किंवा एलईडी दिवा असला की हा कण्हायला लागतो. ओट्यावरून उचलून खिडकीत ठेवला, थोडा आडवा फिरवला, आवाज स्वच्छ. एरियल ओढून उपयोग नाही, ती एफएमची. मीडियम वेव्हला अख्खा रेडिओच फिरवावा लागतो.

सकाळच्या प्रादेशिक बातम्या लावतो. किती गेले, कुठे, मदत पोचली का, हे एकदा सांगतात आणि पुढची बातमी घेतात. थोड्या वेळात बातम्या संपतात. संपतात, ह्याची मला सवयच राहिली नव्हती.

सासूबाई आठवडाभर कुरकुरल्या, "चित्र नाही, कसली बातमी ही!" मग एक दिवस स्वतःच पानशेत धरण फुटून आलेल्या पुराबद्दल बोलायला लागल्या. १२ जुलै १९६१, त्या आठ वर्षांच्या, घर नारायण पेठेत. नातू ऐकत होता. मी मधे पडणार होते, पण तो विचारत होता, "आजी, मग तू झोपलीस कुठे? जेवलीस काय?" आणि आजीकडे उत्तरं होती. आत्याच्या घरी, पिठलं-भात. तिच्या गोष्टीत पाणी ओसरतं.

आता तक्रारी. आवाजाचं बटण ढिलं आहे, धक्का लागला की एकदम ओरडतो. ट्यूनिंगचा काटा एक-दोन रेघा पुढे दाखवतो. आणि पावसाळ्यात फक्त ह्याच्या भरवशावर राहू नका. जुलै २०२४ ला इथे सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे मी सोसायटीच्या ग्रुपवरच बघते, तेवढा फोन लागतोच. वीज गेली तर मात्र हा चालतो.

मुलगा हल्ली राजाराम पुलावर डोळे उघडे ठेवतो, कठड्याकडे न बघता. ते रेडिओमुळे की सहा महिने गेल्यामुळे, कोण जाणे. मी रात्री पांघरुणात अजून फोन उघडते, त्याला साडेआठशेचा रेडिओ काय करणार.

पाचपैकी साडेतीन तारे. सेलचं झाकण दुसऱ्या महिन्यात तुटलं, सध्या रबरबँड लावलाय.