मका काढायचा कशानं: हार्वेस्टर, की मजूर आणि मळणी यंत्र?

येवला-चांदवड असो की सिल्लोड-कन्नड, दिवाळीच्या आसपास घरोघरी एकच हिशोब चाललेला असतो. कणसं मजुरांकडून मोडून मळणी यंत्रातून काढायची, की सरळ हार्वेस्टर घालायचा? बहुतेक जण एकरी भाडं विचारतात आणि ठरवून मोकळे होतात. मी दोन्ही करून पाहिलंय. माझं मत विचाराल तर भाड्याच्या आधी दोन गोष्टी बघा: गोठ्यात जनावरं किती आणि दाण्यात ओलावा किती.

जनावरांचं पटकन मिटतं. हार्वेस्टरच्या हेडरखालचे (हेडर म्हणजे ओळीत शिरून कणसं तोडणारा पुढचा भाग) रोलर ताट खाली ओढतात, कणीस वरच्या पट्ट्यांवर अडकतं आणि आत जातं. ताट मोडून मातीत मिसळतं, पेंढ्या बांधण्याजोगा चारा उरत नाही. दुभती जनावरं असतील आणि उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागणार असेल, तर तो खर्च हार्वेस्टरच्या भाड्यात धरा. गोठा रिकामा असेल आणि त्याच रानात कांदा किंवा गहू करायचा असेल, तर मात्र दिवसात रान मोकळं होणं ही फार मोठी सोय आहे.

ओलाव्याचं एवढं सोपं नाही. कणसातला दाणा काढून त्याच्या टोकाशी काळा थर दिसला की दाणा भरला, पण तेव्हा त्यात 30 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. हार्वेस्टरला 20 ते 25 टक्के मानवतं. त्याहून ओला असेल तर दाणा चेचतो, फार वाळू दिला तर कणसं हेडरला लागताच गळतात. मळणी यंत्राचं उलटं: साल खडखडीत वाळलेली असली तरच ती नीट सुटते. म्हणजे हार्वेस्टर लवकर चालतो, पण ओला माल एकदम अंगणात आणून टाकतो. 24 टक्के ओलाव्याचा एक क्विंटल मका 14 टक्क्यांवर आला की 88 किलो भरतो. 2025-26 चा क्विंटलला 2400 रुपयांचा हमीभाव 14 टक्के ओलाव्यापर्यंतच्या मालाला होता. त्याच संध्याकाळी पसरायला ताडपत्री आणि जागा नसेल, तर हार्वेस्टर बोलवूच नका. ओल्या ढिगात दुसऱ्या दिवशी हात घातला तर गरम लागतो, आणि पुढे बुरशी धरते. कणसांच्या ढिगालाही परतीचा पाऊस सोडत नाही म्हणा; सालासकट भिजलेल्या कणसांना ढिगातच कोंब फुटतात.

आता ज्यावरून खरं नुकसान होतं ते, मशीनचं सेटिंग. एके वर्षी माझ्या दोन एकरांवर सकाळच्या दवातच हार्वेस्टर घातला. टाकीत दाणा स्वच्छ दिसत होता, म्हणून मी निवांत होतो. सहज मागून चालत गेलो आणि एक रिकामं कणीस उचललं, तर बुडाशी दोन बोटं दाणे तसेच चिकटलेले. पुढचं उचललं, तेही तसंच. तोवर निम्मं रान झालं होतं.

तेव्हापासून पहिल्या दोन ओळी झाल्या की मी म्हणतो, "भाऊ, थांबवा जरा. मशीन थोडं मागे घ्या, बघू द्या." मग तीन ठिकाणी बघायचं. उभ्या मक्यात पडलेली कणसं आधीचीच असतात, त्यात मशीनचा दोष नाही. हेडर जिथून गेला त्या जमिनीवर सुटे दाणे असतील तर वरच्या पट्ट्यांची फट जास्त आहे, कणसाचं बूड रोलरला लागून दाणे उडतायत. तिथं अख्खी कणसं पडत असतील तर मशीनचा चालण्याचा वेग जास्त आहे किंवा हेडर ओळींवर बसत नाही. तुमच्या दोन ओळींत 60 सेंटिमीटर अंतर आणि हेडर 75 च्या ओळींसाठी असेल, तर कितीही सेटिंग केलं तरी कणसं सांडणारच. हे मशीन ठरवण्याआधी टेप लावून बघायचं.

तिसरी जागा मशीनच्या मागची. रिकाम्या कणसाला दाणे चिकटलेले असतील तर आधी दाणे सोडवणारा ड्रम आणि त्याखालची जाळी यांतलं अंतर थोडं कमी करायला सांगा, ड्रमचा वेग नंतर. कणसाचे तुकडे होत असतील आणि टाकीत फुटका दाणा दिसत असेल, तर आधी ड्रमचा वेग कमी करा, मग अंतर वाढवा. मागे सुटा दाणा पडत असेल तर पंख्याचा वारा जास्त आहे किंवा चाळणी बंद आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. आणि दव उठल्याशिवाय सुरुवात नको.

मोजायचं सोपं आहे. एक चौरस मीटरमध्ये वीस-बावीस दाणे पडलेले असतील, तर एकरी साधारण 25 किलो रानात राहिले. गुंठ्यात एक चांगलं भरलेलं कणीस सुटलं तर एकरी सहा किलो गेले.

मळणी यंत्रात सांडणं कमी, कारण सगळं ताडपत्रीवर पडतं. तिथं फुटका दाणा बघा. लवकर उरकायचं म्हणून ट्रॅक्टरची रेस वाढवतात, पीटीओ (यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांच्या वर जातो आणि दाणा फुटतो. कोंबडीखाद्यवाले असा माल हातात घेताच भाव पाडतात. आणि एक गोष्ट अजिबात सोडू नका: कणसं टाकायचं तोंड किमान 90 सेंटिमीटर लांब आणि निम्मं वरून झाकलेलं हवं. तोकड्या तोंडाच्या यंत्रावर मी घरची माणसं उभी करत नाही, मजूरही नाही.

तीन एकरांच्या आत, तुकड्या-तुकड्यांत रान आणि दारात दोन म्हशी असतील, तर मजूर आणि मळणी यंत्रच घ्या. सलग पाच-सहा एकर, वाळवायला जागा आणि मजूर मिळत नसतील, तर हार्वेस्टर. मका वाऱ्यानं आडवा पडला असेल किंवा काळ्या रानात चाक रुतत असेल, तर मात्र क्षेत्र कितीही असो, हातानंच मोडा.

हार्वेस्टर ठरवलात तर भाडं बोलतानाच सांगून ठेवा, की पहिल्या दोन ओळींनंतर मशीन थांबवून बघणार. हंगामात ड्रायव्हरला पुढचं रान दिसत असतं, ऐनवेळी सांगितलं तर तो खाली उतरत नाही.