सोलर हीटर, लोहचुंबक आणि माझे छत्तीस हजार

दोन वर्षांमागं जुळे सोलापुरात आमचं घर बांधून झालं, फरशी, रंग, ग्रिल सगळं ठरलं पण अंघोळीच्या गरम पाण्याचं काय ते वास्तुशांतीला आठ दिवस राहिले तरी ठरेना. अण्णा म्हणायचे जुना तांब्याचा बंब हाय की, चार चिंध्या टाकल्या की पाणी तयार. बायकोला नव्या घरात धूर नको होता, लाईटच्या गीझरला मी बिलामुळं नाही म्हणत होतो आणि गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावायची आम्हा दोघांनाही भीती. मग राहिला सोलर. सोलापुरात उन्हाला काय तोटा ओ.

बांधकामावर वाळूचा ढीग दिसला की हे सोलर विकणारे लोक येतातच. हा पण असाच आला, इस्त्रीचा शर्ट, गाडीत टाकीचा कापलेला नमुना. खिशातून लोहचुंबक काढलं, आधी आमच्या गेटला लावलं, टक्कन चिकटलं, मग टाकीच्या पत्र्याला लावलं तर घसरून खाली पडलं. "बघा काका, चिकटत नाही, म्हणजे ३०४ स्टील, गंजायचा विषयच नाही." मी कॉमर्सवाला माणूस, मला ते इतकं पटलं की चहा पण मीच पाजला त्याला.

मग सबसिडी. सूर्यघर योजनेची टीव्हीवर जाहिरात चालू होती, तो म्हणला त्यातच बसवतो, ३६ हजार आता द्या, १४ हजार परत खात्यात येतील. वर १५०० फाईल चार्ज. आधार, लाईट बिल, पासबुक सगळ्याची झेरॉक्स दिली (ती कुठं कुठं फिरतीय देव जाणे). खरी गोष्ट अशी की सूर्यघर योजना वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी आहे, ३ किलोवॅटला ७८ हजार मिळतात ते त्याचे, पाणी तापवायच्या हीटरचा तिच्याशी काही संबंध नाही. हीटरवरची केंद्राची सबसिडी आपल्याकडं २०१४ लाच बंद झाली. मोबाईलवर पाच मिनिटं बघितलं असतं तर कळलं असतं पण वास्तुशांतीच्या गडबडीत कोण बघतो.

सोलर २०० लिटरचा म्हणून विकला, ते पण तसंच. टाकी १६० ची निघाली, बाकीचं पाणी १५ काचेच्या नळ्यांत धरलेलं, ५८ बाय १८०० मिलिमीटरच्या एका नळीत पावणेतीन लिटर बसतं, करा हिशोब. शंभर लिटरला साधारण दहा नळ्या लागतात म्हणजे पाच कमीच दिल्या. थंडीत तिसऱ्या माणसाला कोमट पाणी यायचं तर आम्ही म्हणायचो ऊन कमी असेल.

चौदा महिन्यांनी टाकीच्या खालच्या जोडातून तांबडा ओघळ सुरू झाला, नवीन रंग दिलेल्या भिंतीवरून थेट खिडकीपर्यंत. फोन लावला तर आधी "साईटवर हाय", मग "तुमच्या बोअरच्या पाण्यानं गेली, वॉरंटीत बसत नाही", मग फोनच बंद. बोअरचं म्हणणं अर्धं खरं आहे हं, आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, टाकीत बोअरचंच पडतं, आणि खाऱ्या पाण्यानं ३०४ ला सुद्धा भोकं पडतात. पण हे त्यानं घेताना सांगायचं होतं ना.

शेवटी टाकी भंगारात काढली. मी भंगारवाल्याला ऐटीत म्हणलं ३०४ आहे, भाव नीट लावा. तो काही बोलला नाही, पत्रा घासला, बाटलीतनं दोन थेंब टाकले, छोटी बॅटरी लावली, थेंब लालभडक. "दोनशे दोन हाय ओ मालक हे, ह्याला पण चुंबक लागत नसतंय." २०२ म्हणजे ३०४ पेक्षा हलकं, स्वस्तातलं स्टील. म्हणजे ३०४ आहे का २०२ ते त्या चुंबकानं काहीच कळत नाही, दोन्ही स्टीलला ते चिकटत नाही आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं. गेटला लावून दाखवायचं ते नुसतं नाटक.

ओळखीच्या वकिलांकडं गेलो तर त्यांनी पहिलं बिल मागितलं. माझ्याकडं काय, वर "एस्टिमेट" लिहिलेला कागद, जीएसटी नंबर नाही, वॉरंटी कार्डावर टाकीचा सिरीयल नंबर नाही, पैसे रोख दिलेले. ते नुसते बघत राहिले माझ्याकडं.

तुम्ही घेणार असाल तर आधी बोअरचं पाणी तपासून घ्या, खारं असेल तर आतून ग्लास लायनिंगची (काचेचा थर दिलेली) टाकी बघा, तिच्यात मॅग्नेशियमचा रॉड असतो तो झिजतो आणि टाकी वाचते, पण तो अधूनमधून बदलावा लागतो. स्टीलचा ग्रेड, टाकीचे लिटर वेगळे, नळ्या किती, सगळं पक्क्या बिलावर लिहून घ्या, लिहायला का कू केलं की चहा न पाजता वाटेला लावा. आणि दुपारी रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, आमच्या दोन तशाच तडकल्या, ती चूक मात्र माझीच.

सध्या गच्चीवर बंब पेटतोय. अण्णा रोज सकाळी चिंध्या टाकताना विचारतात, सबसिडी आली का रे?